रिपोर्ट ‘स्टेबल’ आला, तरी आशा धरायची भीती वाटते

प्रश्न विचारणाऱ्या गृहस्थांनी लिहिलेलं थोडक्यात असं आहे. मोठ्या आतड्याचा कर्करोग, निदान झालं तेव्हाच यकृतापर्यंत पोचलेला. दीड वर्ष उपचार चालू आहेत. ऑपरेशन झालं, केमोच्या मोठ्या सायकली झाल्या, आता सौम्य केमो चालू आहे आणि दर तीन महिन्यांनी सीटी स्कॅन व सीईए (आतड्याच्या कर्करोगात बऱ्याचदा वाढणाऱ्या एका प्रथिनाचं रक्तातलं प्रमाण) ही रक्ताची तपासणी होते. मागचे सगळे रिपोर्ट ‘स्टेबल’ आहेत. ‘डॉक्टर समाधानी, घरचे खूश, माझाच जीव भांड्यात पडत नाही,’ असं ते म्हणतात. स्कॅनच्या आधी आठ-दहा दिवस झोप उडते, नंतर चार दिवस बरे जातात आणि पुन्हा पुढच्या तारखेची धाकधूक सुरू होते. घरचे सांगतात पॉझिटिव्ह राहा. तसं राहता येत नाही, म्हणून आपल्याच विचारांनी आजार बळावेल अशीही भीती वाटते. मुलीचं शिक्षण दोन वर्षांनी पूर्ण होणार आहे. ती पुढच्या बेतांबद्दल बोलायला लागली की ते विषय बदलतात. त्यांचा प्रश्न असा: आशा कशी टिकवायची, आणि मुळात टिकवावी का?

मी कर्करुग्णांबरोबर आणि त्यांच्या घरच्यांबरोबर समुपदेशक म्हणून बरीच वर्षं काम करते आहे. तुमची फाइल मी पाहिलेली नाही आणि मी कर्करोगतज्ज्ञ नाही, त्यामुळे औषधं आणि तपासण्यांबद्दल इथे जे लिहिते आहे ते तुमच्या डॉक्टरांशी बोलून पडताळून घ्या. एक गोष्ट तर त्यांनाच विचारावी लागेल: माझ्या उपचाराचा उद्देश आज नेमका काय आहे? आजार पूर्ण काढून टाकणं, आटोक्यात ठेवणं की त्रास कमी करणं? आतड्याचा कर्करोग यकृतात गेलेल्या काही रुग्णांमध्ये केमोनंतर यकृतातल्या गाठी ऑपरेशनने काढता येतात, काहींमध्ये येत नाहीत. गाठी किती आहेत, कुठे आहेत, यकृताचा निरोगी भाग किती उरतो यावर ते ठरतं. हे उत्तर माहीत नसताना धरलेली आशा अधांतरी राहते. वर्ष वर्ष उपचार घेऊनही हा प्रश्न न विचारलेली माणसं मला नेहमी भेटतात. विचारायला भीती वाटते हे मी समजू शकते. पण बहुतेकांना उत्तर ऐकल्यावर, ते मनासारखं नसलं तरी, पायाखाली काहीतरी घट्ट लागल्यासारखं वाटतं.

तुमचं लिहिणं वाचून मला दिसतं ते असं. तुमची सगळी आशा एकाच खुंटीवर टांगलेली आहे, आणि ती खुंटी दर तीन महिन्यांनी कुणीतरी हलवून बघतं. असं असताना झोप लागली असती तरच नवल. म्हणून आशा वाढवायच्या मागे लागण्याआधी ती कुठे कुठे ठेवायची हे पाहू. पण त्याआधी दोन ओझी उतरवायला हवीत.

पहिलं ओझं ‘पॉझिटिव्ह राहा’चं. १९८९ साली डेव्हिड स्पीगल आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक छोटा अभ्यास प्रसिद्ध झाला. पसरलेला स्तनाचा कर्करोग असलेल्या ज्या स्त्रिया गटात बसून एकमेकींशी बोलत होत्या, त्या जास्त काळ जगल्या असं त्यात दिसलं. मनाच्या जोरावर आजार हटवता येतो या समजुतीला त्यामुळे चांगलंच बळ मिळालं. पुढे २००१ मध्ये पामेला गुडविन यांच्या कॅनडातल्या गटाने २३५ स्त्रियांवर तशीच उपचारपद्धत वापरून मोठी चाचणी केली. आयुष्य वाढलं नाही. मात्र ज्या सुरुवातीला जास्त खचलेल्या होत्या त्यांचा मानसिक त्रास आणि दुखणं कमी झालं. २००७ मध्ये जेम्स कॉइन यांच्या गटाने डोक्याच्या आणि मानेच्या कर्करोगाच्या १,०९३ रुग्णांची माहिती तपासली. उपचारांच्या सुरुवातीला रुग्णाचं मन किती प्रसन्न किंवा उदास होतं आणि तो किती जगला, यांचा संबंध त्यांना आढळला नाही.

याचा तुमच्यासाठी अर्थ सरळ आहे. रात्री तीन वाजता मनात आलेल्या वाईट विचाराने यकृतातली गाठ वाढत नाही. ‘मन चिंती ते वैरी न चिंती’ हे खरं आहे, पण मनाने चिंतलं म्हणून ते घडत नाही. तुम्ही रडलात, चिडलात, एखादा दिवस भिंतीकडे तोंड करून पडून राहिलात, तरी उपचारात काही बिघडलेलं नसतं. मन सांभाळायचं ते आजचा दिवस बरा जावा म्हणून. आजार हटवायची जबाबदारी मनावर टाकू नका; ते काम औषधांचं आहे.

एक फरक मात्र नीट लक्षात ठेवा. दिवस वाईट जाणं वेगळं आणि नैराश्य वेगळं. नैराश्यात माणूस गोळ्या चुकवतो, जेवण टाळतो, तपासणीला जात नाही, दुखतंय हे सांगत नाही. त्याचा परिणाम उपचारावर होतो. त्याबद्दल पुढे लिहिते.

दुसरं ओझं ‘स्टेबल’ या शब्दाचं. बहुतेकांना वाटतं की गाठ कमी झाली तर जिंकलो, वाढली तर हरलो आणि स्टेबल म्हणजे नुसतं ताटकळत ठेवलेलं. पण घट्ट गाठींच्या कर्करोगात उपचाराला प्रतिसाद मोजायची एक ठरलेली पद्धत आहे, तिला रेसिस्ट म्हणतात. सध्याची तिची आवृत्ती २००९ सालची. मोजायला निवडलेल्या गाठींच्या लांबीची बेरीज करतात. ती सुरुवातीपेक्षा ३० टक्के किंवा जास्त घटली तर ‘पार्शल रिस्पॉन्स’. आतापर्यंतच्या सर्वांत कमी बेरजेपेक्षा ती २० टक्के किंवा जास्त आणि किमान ५ मिलिमीटर वाढली, किंवा नवी गाठ दिसली, तर ‘प्रोग्रेशन’. मधलं सगळं ‘स्टेबल’. म्हणजे १५ टक्के आकसलेल्या गाठीही कागदावर स्टेबलच असतात. आणि पसरलेल्या आजारात, उपचार चालू असताना, मागचे सगळे रिपोर्ट स्टेबल असणं याचा अर्थ औषध आपलं काम करतं आहे. डॉक्टर तुम्हाला बरं वाटावं म्हणून खूश दिसत नाहीत, त्यांना खरोखर समाधान आहे. पुढच्या वेळी त्यांना विचारा: गेल्या वर्षीच्या बेरजेच्या तुलनेत आज आकडा किती? तो एक आकडा वहीत लिहून ठेवा. ‘स्टेबल’ या एका शब्दापेक्षा तो जास्त सांगतो.

सीईएचंही तसंच. हा आकडा धूम्रपानाने वाढतो, आतड्याच्या किंवा यकृताच्या सुजेने वाढतो. काही वेळा केमोच्या सुरुवातीच्या आठवड्यांत औषध लागू पडत असतानाही तो तात्पुरता वर जातो. म्हणून डॉक्टर एका आकड्यावर निर्णय घेत नाहीत. दोन-तीन तपासण्यांचा कल बघतात, तो स्कॅनशी जुळवतात आणि तुमच्या तब्येतीकडे बघतात. २.८ चा ३.४ झाला म्हणून घरी रात्र जागून काढणारी कुटुंबं मी पाहिली आहेत. त्या फरकाला डॉक्टरांच्या लेखी फारसा अर्थ नव्हता, पण तसं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

रिपोर्ट स्वतः वाचण्याबद्दल एक प्रसंग सांगते. एका बाईंना स्कॅनचा रिपोर्ट फोनवर आला आणि डॉक्टरांची वेळ चार दिवसांनी होती. फुप्फुसात ४ मिलिमीटरचा ठिपका, ‘नॉनस्पेसिफिक’, पुढे ‘क्लिनिकल कोरिलेशन सुचवले आहे’. चार दिवस त्या इंटरनेटवर तोच शब्द वेगवेगळ्या तऱ्हेने शोधत राहिल्या. जेवण सुटलं, बहिणीशी भांडण झालं, आणि मृत्युपत्राबद्दलही बोलून झालं. डॉक्टरांनी पडद्यावर आधीचा स्कॅन शेजारी उघडला. तोच ठिपका वर्षापूर्वी त्याच जागी होता, तेवढाच. तेव्हा रिपोर्ट लिहिणाऱ्याला तो नोंदवण्याजोगा वाटला नव्हता. ‘क्लिनिकल कोरिलेशन’ म्हणजे तुमच्या डॉक्टरांनी तपासून आणि जुन्या चित्रांशी ताडून ठरवावं, एवढंच. रेडिऑलॉजिस्टच्या रिपोर्टांत ते वाक्य सर्रास असतं. बाईंची मान खाली गेली आणि त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, हे चार दिवस मला कोण परत देणार?

म्हणून माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला मी सांगते की स्कॅन आणि डॉक्टरांची भेट यांत शक्य तितकं कमी अंतर ठेवा. तारीख घेतानाच दोन्ही एकत्र मागा, एरवी कुणी आपणहून जुळवून देत नाही. आणि रिपोर्ट कोण उघडणार हे आधी ठरवा. काही माणसांना स्वतः वाचल्याशिवाय चैन पडत नाही, काहींना डॉक्टरांच्या तोंडूनच ऐकायचं असतं. दोन्ही ठीक आहे. पण ते फोन वाजल्यावर ठरवू नका. आपण कोणत्या प्रकारचे आहोत हे तुम्हाला आतापर्यंतच्या रिपोर्टांवरून कळलंच असेल.

आता ते आधीचे आठ-दहा दिवस. ही भीती पूर्ण घालवता येते असं मी कधी सांगत नाही. उपचार संपून बरीच वर्षं झालेल्यांच्याही पोटात तपासणीच्या आठवड्यात गोळा येतो. पण ती किती जागा व्यापते हे बदलता येतं. काळजीला दिवसातला एक ठरावीक वेळ द्या: संध्याकाळी अर्धा तास, झोपायच्या बराच आधी, वही घेऊन एका जागी बसायचं. जे जे मनात येतं ते लिहायचं. मग प्रत्येक ओळीपुढे एकच खूण करायची: याबद्दल मला काही करता येण्यासारखं आहे की नाही? ‘स्कॅनला जाताना शीर सापडली नाही तर’ याचं काहीतरी करता येतं. तंत्रज्ञाला आधी सांगता येतं, भरपूर पाणी प्यायला चालेल का ते विचारता येतं, केमोसाठी पोर्ट (औषध देण्यासाठी त्वचेखाली बसवलेली छोटी डबी) बसवलेला असेल तर तो वापरता येईल का हेही विचारता येतं. ‘गाठ वाढली असेल तर’ याचं आज काही करता येत नाही. ती ओळ तशीच राहू द्या. दिवसभरात ती पुन्हा डोकं वर काढते तेव्हा मनाला सांगायचं, संध्याकाळी तुझी वेळ आहे. पहिले काही दिवस हे खोटं खोटं वाटतं. बहुतेकांना आठवड्याभरात फरक जाणवतो, कारण काळजी दाबली जात नाही, तिला फक्त थांबायला सांगितलं जातं.

रात्री जाग आली आणि अर्ध्या तासात झोप परतली नाही, तर अंथरुणात तळमळत पडू नका. उठून मंद दिव्यात काहीतरी साधं करा आणि झोप आली की परत जा. श्वास आत घ्यायला लागतो त्यापेक्षा सोडायला जास्त वेळ घेतला की छातीतली धडधड हळूहळू उतरते; स्कॅनच्या मशिनमध्येही हे करता येतं, फक्त श्वास रोखायला सांगतात तेवढा वेळ सोडून. आणि एक महत्त्वाचं, जे फार कमी लोकांना कुणी सांगतं: केमोबरोबर उलटी होऊ नये म्हणून डेक्सामेथासोन नावाचं स्टेरॉइड बऱ्याचदा देतात. ते घेतलेल्या दिवसांत झोप उडते, मन भरधाव सुटतं आणि ते थांबल्यावर दोन-तीन दिवस एकदम खचल्यासारखं होतं. मी रुग्णांना कॅलेंडरवर केमोचे दिवस आणि ‘सगळं संपलं’ असं वाटलेले दिवस वेगवेगळ्या रंगांनी रंगवायला सांगते. पुष्कळदा दुसरा रंग पहिल्यानंतर ठरावीक अंतराने येतो. त्या दिवशीची निराशा म्हणजे औषधाचा उतार असतो, आयुष्याबद्दलचा निष्कर्ष नसतो. असं दिसलं तर डॉक्टरांना सांगा; गोळीची वेळ किंवा मात्रा बदलता येते का ते पाहतील. स्वतःहून बंद करू नका.

शरीरातली इतरही कारणं तपासून घेण्यासारखी असतात. हिमोग्लोबिन कमी असणं, थायरॉइड मंदावणं (मानेला रेडिएशन दिलं असेल किंवा इम्युनोथेरपी, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीला कामाला लावणारा उपचार, चालू असेल तर हे विशेष पाहावं लागतं), नीट न आवरलेलं दुखणं. महिनोन्‌महिने थकवा आणि उदासपणा असलेल्या माणसाला आधी मनाचे उपाय सुचवू नयेत, आधी रक्त तपासावं असं माझं ठाम मत आहे. काही जणांची ‘आशा’ अशा कारणावरची गोळी सुरू झाल्यावर परत आली आहे.

त्रास सांगण्याबद्दलही लिहायलाच हवं, कारण चांगला रुग्ण कुरकुर करत नाही असा समज फार खोल आहे. पसरलेल्या कर्करोगाच्या ७६६ रुग्णांवर इथन बाश यांच्या गटाने केलेल्या चाचणीत काही रुग्ण आपली लक्षणं संगणकावर नियमित नोंदवत होते आणि त्रास वाढला की नर्सला सूचना जात होती. २०१७ मध्ये निकाल आला. नोंदवणाऱ्या गटाचं मध्यक आयुष्य ३१.२ महिने होतं, नेहमीच्या पद्धतीच्या गटाचं २६. उलटी, ताप, दुखणं वेळेवर कळलं, लवकर इलाज झाला, केमो जास्त काळ सोसता आली, असं त्याचं कारण मानलं जातं. तेव्हा हसतमुख राहण्यापेक्षा ‘परवापासून तळपायांना मुंग्या येतात’ हे त्याच दिवशी सांगणं जास्त उपयोगी आहे. पॅलिएटिव्ह केअरच्या, म्हणजे त्रास कमी करण्याकडे लक्ष देणाऱ्या, टीमला भेटण्याबद्दलही तेच. हा शब्द ऐकला की लोकांना शेवट आला असं वाटतं. पण जेनिफर टेमेल यांच्या २०१० च्या अभ्यासात पसरलेल्या फुप्फुसाच्या कर्करोगाच्या १५१ रुग्णांपैकी ज्यांना निदानानंतर लगेच, नेहमीच्या उपचारांच्या जोडीने, ही सेवा मिळाली, त्यांचं जगणं सुसह्य झालं, नैराश्य कमी झालं, आणि मध्यक आयुष्यही ८.९ ऐवजी ११.६ महिने भरलं. दुखणं, झोप, भूक, भीती हे ज्यांचं कामच आहे त्यांना उपचार चालू असतानाच भेटावं.

वर मी ‘मध्यक’ हा शब्द वापरला, त्यावर थोडं थांबते. तुम्हीही निदानानंतर असा एखादा आकडा इंटरनेटवर वाचला असणार आणि तो तुमच्या डोक्यात तारखेसारखा बसला असणार. १९८२ मध्ये स्टीफन जे गूल्ड या जीवशास्त्रज्ञाला पोटातल्या मेसोथेलिओमा या कर्करोगाचं निदान झालं. त्याने वाचलं, मध्यक आयुष्य आठ महिने. आकडेवारी हे त्याचं रोजचं काम होतं, म्हणून त्याला पुढचा प्रश्न सुचला. मध्यक म्हणजे निम्मे लोक त्याआधी गेले आणि निम्मे त्यानंतर. ते नंतरचे किती नंतर? कोण किती काळ जगलं याच्या आलेखाची उजवी बाजू लांबच लांब जाते, कारण डावीकडे शून्याच्या अलीकडे जाता येत नाही. आपलं वय, लवकर झालेलं निदान आणि मिळणारे उपचार पाहून आपण त्या उजव्या बाजूला असण्याची शक्यता चांगली आहे असं त्याने मांडलं. तो आणखी वीस वर्षं जगला आणि २००२ मध्ये एका वेगळ्या कर्करोगाने गेला. प्रत्येकाचं असं होतं असं मी मुळीच म्हणत नाही. पण मध्यक हा गटाचा आकडा आहे, तुमची तारीख नाही. शिवाय आज छापलेला आकडा काही वर्षांपूर्वी उपचार घेतलेल्यांचा असतो. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया या रक्ताच्या कर्करोगात २००१ मध्ये इमॅटिनिब ही गोळी आल्यावर जुने तक्ते काही वर्षांतच निरुपयोगी झाले होते.

आता आशेच्या खुंट्यांकडे येते. चार्ल्स स्नायडर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने आशेची जी मांडणी केली ती मला रोजच्या कामात फार उपयोगी पडते. त्याच्या मते आशेला तीन गोष्टी लागतात: काहीतरी हवं असणं, तिथे जायच्या वाटा दिसणं, आणि त्या वाटेने मी चालू शकतो असं वाटणं. आता तुमच्या ‘रिपोर्ट चांगला येऊ दे’ या आशेकडे बघा. हवं आहे, पण वाट तुमच्या हातात नाही आणि चालण्यासारखंही काही नाही. अशी आशा माणसाला नुसती वाट बघायला लावते. ती सोडा असं मी म्हणणार नाही, सोडता येणारही नाही. तिच्या शेजारी अशा दोन-तीन आशा ठेवा, ज्यांत तुमचे हातपाय हलतील.

शिवणकाम करणारे एक गृहस्थ होते. ऑक्झालिप्लॅटिन या औषधाने त्यांच्या बोटांना बधिरपणा आला. सुईत दोरा जाईना, कात्री हातातून सुटायची. त्यांना पुतण्याला कटिंग शिकवायचं होतं आणि आता ते राहूनच जाणार असं म्हणून ते रडले. आम्ही दोघांनी बसून कटिंगच्या कामाचे तुकडे केले. माप घेणं, मांडणी, खुणा, कापणं, जोडणं. खुणा जमतील का? बारीक खडू बोटांत टिकत नव्हता, जाड खडू टिकत होता. मग ते आठवड्यातून दोनदा, केमोनंतरचे वाईट दिवस सोडून, कापडावर खुणा करायचे आणि पुतण्या कापायचा. खूण अर्धा बोट चुकली की पुतण्यालाच विचारायचे, इथे काय चुकलंय सांग. तोही धडाच झाला. पुढे त्यांचा एक रिपोर्ट वाईट आला, औषध बदलावं लागलं. त्या आठवड्यात ते पार कोलमडले होते. तरी पुढच्या भेटीला त्यांच्या पिशवीत मापांची वही होती, कारण बाहीची मांडणी अजून शिकवायची राहिली होती.

तुमच्यासाठी हे काय असेल ते मला माहीत नाही. पण निवडताना अंतर वेगवेगळं ठेवा. एक या आठवड्यातलं, एक दोन-तीन महिन्यांतलं, एक लांबचं. आणि त्यातलं किमान एक असं असू द्या, जे रिपोर्ट कसाही आला तरी करता येईल. चालण्याचा व्यायाम अनेकांना इथे बसतो. तुमच्याच आजाराच्या आधीच्या टप्प्यातल्या, म्हणजे ऑपरेशन आणि केमो पूर्ण झालेल्या ८८९ रुग्णांवरच्या एका चाचणीचा निकाल २०२५ मध्ये आला. तीन वर्षं मार्गदर्शनाखाली व्यायाम करणाऱ्यांमध्ये आजार परतण्याचं प्रमाण कमी दिसलं. तुमचा टप्पा वेगळा आहे, तेव्हा तोच फायदा तुम्हाला होईल असं यावरून म्हणता येणार नाही. पण केमोच्या थकव्यावर बेताचा व्यायाम उपयोगी पडतो हे बऱ्याच अभ्यासांत दिसलं आहे. किती आणि कसा, ते डॉक्टरांना विचारून ठरवा.

‘आशा धरली तर पडल्यावर जास्त लागेल’ ही भीती तुमच्या प्रत्येक ओळीत आहे. मी जवळून पाहिलं आहे ते सांगते. ज्यांनी मन आधीच घट्ट करून ठेवलं होतं त्यांनाही वाईट बातमी तितकीच लागली. त्यांच्या हातून मधले तीन महिने मात्र निसटलेले असायचे.

नैराश्याबद्दल लिहीन म्हटलं होतं. दोन आठवडे किंवा जास्त काळ जवळजवळ रोज उदास वाटत असेल, आवडीच्या कशातच रस उरला नसेल, आपण घरच्यांना भार झालो आहोत असं सतत वाटत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. केमो चालू असतानाही नैराश्यावरची औषधं देता येतात. मात्र तुम्ही घेत असलेल्या प्रत्येक औषधाची यादी त्यांना दाखवा, कारण काही जोड्या जमत नाहीत. स्तनाच्या कर्करोगासाठी टॅमॉक्सिफेन घेणाऱ्यांना पॅरॉक्सेटीनसारखी काही औषधं टाळावी लागतात, हे त्याचं एक उदाहरण. आणि जीव द्यावा असा विचार मनात आला, तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी घरच्या माणसाला आणि डॉक्टरांना सांगा. तो विचार म्हणजे तात्काळ इलाज करावा असा त्रास आहे, दुखण्याइतकाच.

घरच्यांना ‘पॉझिटिव्ह राहा’ म्हणू नका असं सांगितलं तर त्यांना प्रश्न पडतो, मग बोलायचं काय? त्यांनाही धसका आहेच आणि तो ते या शब्दांत लपवतात. त्यांना काम द्या. एकाला प्रश्नांची वही घेऊन डॉक्टरांकडे यायला सांगा. दुसऱ्याला स्कॅनच्या दिवशी नातेवाइकांचे फोन घ्यायला सांगा, म्हणजे तीच बातमी तुम्हाला दहा वेळा सांगावी लागणार नाही. आणि पत्नीला एकदा सरळ म्हणा, मी घाबरलो म्हटलं की मला समजावू नकोस, जवळ बस. ‘चार दिवस बरे आणि मग पुन्हा धाकधूक’ हेही त्यांना सांगून ठेवा. चांगल्या रिपोर्टनंतर माणूस ढेपाळतो, कधी चिडचिडा होतो, कारण आठ-दहा दिवस ताणून धरलेलं शरीर सैल पडतं. ‘आता काय झालं तुला?’ असं त्या दिवसांत कुणी विचारू नये.

राहिला मुलीचा प्रश्न. विषय बदलू नका. तुम्ही विषय बदललात की ती काय समजत असेल याचा विचार करा: बाबांना माझ्या पुढच्या आयुष्यात रस नाही, किंवा बाबांना काहीतरी माहीत आहे जे मला सांगत नाहीत. तिला सांगता येईल, ‘दोन वर्षांनंतरचं बोलताना मला भीती वाटते. तरी मला ऐकायचं आहे. मी तिथे असेन अशी माझी इच्छा आहे, आणि त्यासाठी उपचार चालू आहेत.’ यात खोटं काही नाही. बेत आखताना त्यातलं काम तारखांमध्ये विभागा. पदवीनंतर कोणता अभ्यासक्रम घ्यायचा, त्याची माहिती कुणाकडून काढायची, अर्ज कसा लिहायचा, पैशांची तजवीज कशी, यातलं पुष्कळसं या तीन महिन्यांतच तुम्ही दोघं मिळून करू शकता. ज्या कागदांवर तुमची सही लागते ते आताच करून टाका, म्हणजे केमोच्या वाईट आठवड्यात कुणाची धावपळ होणार नाही. पुढच्या स्कॅनची तारीख मध्ये येईल तेव्हा त्या आठवड्यात काम थांबवा आणि रिपोर्टनंतर कोणत्या दिवशी पुन्हा बसायचं ते आधीच ठरवून ठेवा.